लॅगमधले दहा दिवस

माझं अक्षर बघून कुणी हसू नये. चौथीपर्यंत शाळा झाली, त्यानंतर हातात पेनापेक्षा घमेलंच जास्त वेळ राहिलं. ऱ्हस्व-दीर्घ चुकलं असेल तिथे वाचणाऱ्याने सांभाळून घ्यावं. मुलीच्या जुन्या वह्यांतली कोरी पानं शिवून ही वही केली आहे. ती कुणाला दाखवायची असं काही ठरवलेलं नाही. पण झालेली गोष्ट तोंडाने सांगायला गेले की माझा आवाज बसतो आणि समोरचा आपलंच बोलून मोकळा होतो. कागद मधे बोलत नाही.

पगाराचा शनिवार होता. आमची साइट मिठबावच्या सड्यावर, समुद्रावरच्या उघड्या कातळावर. एका गोवेकर मालकाचं दोन मजली हॉटेल बांधत होतो. आमचे कॉन्ट्रॅक्टर आंतोनबाब सिमेंटच्या शेडपुढे खुर्ची टाकून पाकिटं वाटत होते. पंधरा दिवसांचा पगार एकदम मिळतो. माझ्या टोळीतल्या शेवंतीने पाकीट उघडलं, नोटा बघितल्या, पुन्हा पाकिटात बघितलं.

"बाब, माझा पाकीट बारीक कशाक?"

"बारीक नाय. हिशोबान आसा," आंतोनबाब म्हणाले. "दहा दिवस तुमी चौघी आयडल होतास."

"म्हणजे?"

"म्हणजे बसान होतास. सॉफ्टवेअरात तसा दिसता. आता नवीन नियम. बसलेल्या दिवसाक निम्मी हजेरी."

शेवंती हसली. तिला वाटलं चेष्टा आहे. मग तिने त्यांच्या तोंडाकडे बघितलं. "मी बसान होतंय? माझ्या मानेक हात लावन बघा. हंडे वाहून वाहून लाकूड झाला."

"माका सांगा नको गो. मशीन सांगता."

चौघींच्या टोळीची मुकादम मी. बोलायचं मी होतं. मी पाकीट कमरेला खोचलं आणि चालू लागले. वाटेत शेवंती म्हणाली, "सुलूमावशे, तू कायच बोलाक नाय." मी म्हटलं, "मी आणून देतंय तुमचे पैशे." म्हणाले खरी, पण कसे आणणार ते मला माहीत नव्हतं.

आमचं काम काय ते आधी सांगते, कारण सगळं त्याच्यावरच आहे.

आम्ही पाणी मारतो. जांभ्याचे चिरे उचलतो, माल कालवून देतो, ते तर आहेच. पण स्लॅब टाकून झाला की आमचं खरं काम सुरू होतं. लोकांना वाटतं काँक्रिट सुकून घट्ट होतं. तसं नसतं. सिमेंट पाणी पिऊन ताकद धरतं. पहिले काही दिवस त्याला सतत ओलं ठेवावं लागतं. ते सुकलं की ताकद तिथेच थांबते, वरून कितीही कडक दिसू दे. म्हणून स्लॅबवर मातीची छोटी आळी घालून त्यात पाणी भरून ठेवायचं, खांबांना गोणपाट गुंडाळून ते भिजवायचं. सकाळी, दुपारी, संध्याकाळी. सड्यावर समुद्राचा वारा असतो. दुपारी दोनला भरलेलं आळं चारला कोरडं.

आणि पाणी कुठलंही चालत नाही. साइटच्या खालच्या अंगाला विहीर होती, तिच्यावर पंपही होता, पण पाणी मचूळ. पहिल्याच दिवशी मी ओंजळभर तोंडात घेऊन थुंकले. खाऱ्या पाण्याने आतली सळी गंजते. त्यामुळे गोडं पाणी वरच्या वाडीतून टँकरने यायचं, खाली ड्रमात ओतायचं, तिथून स्लॅबवर. छोटी मोटर होती, पण वीज दुपारी जायची आणि पाणी दुपारीच जास्त लागायचं. मग हंडे. शिडीवरून.

माझी एक सवय आहे. पाणी मारून झालं की जिन्याखालच्या चिऱ्याच्या भिंतीवर कोळशाने एक रेघ ओढायची. पाचवी रेघ आधीच्या चार रेघांवर आडवी, शाळेत मोजायला शिकवतात तशी. प्रत्येक स्लॅबची रांग वेगळी. वर अक्षर काढते, हॉलला ह, पोर्चला पो. रविवारच्या रेघांभोवती गोल. चार बायका असल्या की प्रत्येकीला वाटतं दुसरीने मारलं असेल, म्हणून ही रेघ. जिची पाळी तिनेच ओढायची, आणि ओढली नाही तर मी विचारणार. अठरा वर्षांत जितक्या इमारती झाल्या तितक्या जिन्यांखाली आमच्या रेघा आहेत. सगळ्यांवर प्लास्टर चढलं. त्याचं मला कधी काही वाटलं नाही.

आता सॉफ्टवेअर. त्याला मी उगाच नावं ठेवणार नाही. पूर्वी आंतोनबाबांचं सगळं प्लॅनिंग शेडमधल्या एका कॅलेंडरवर असायचं, तांबड्या पेन्सिलीने. एक साइट होती तोवर ते चाललं. तीन झाल्या तेव्हा गोंधळ सुरू झाला. सिमेंट मिठबावला हवं असताना ट्रक फोंडाघाटला जाऊन उभा राहिला, तिथे उतरवायला माणूस नाही, रात्रीच्या पावसात निम्म्या गोण्या दगड झाल्या. त्यानंतर त्यांनी कुडाळच्या ऑफिसात सॉफ्टवेअर घेतलं आणि ते चालवायला पुण्याच्या ऋतुजा मॅडमना ठेवलं. शिकलेली मुलगी, हुशार, बोलायला गोड. साइटवर हेल्मेट घालून फिरायची. तिचा पहिला दोष एवढाच की ती घाईत होती, आणि माझा असा की मी मागे उभी होते.

कारण मॅडमनी विचारलं होतं. लॅपटॉप उघडून दोन दिवस शेडमध्ये बसल्या होत्या. म्हणाल्या, सॉफ्टवेअरमध्ये काम भरायच्या आधी आपली प्रोसेस लिहायची आहे. कोण काय करतं, कशानंतर काय, किती दिवस लागतात. सेंट्रिंगवाले बोलले, म्हणजे स्लॅबखाली फळ्या लावणारे. सळीवाले बोलले. मग हसनमामा बोलले. ते आमचे मुख्य गवंडी, माझ्या बाळंतपणाच्या आधीपासून या धंद्यात.

"स्लॅब टाकल्यानंतर वरच्या भिंती कधी सुरू करता?" मॅडमनी विचारलं.

"दहा दिवसांनी," हसनमामा म्हणाले. ऑफिसच्या माणसांशी ते शुद्ध बोलतात.

"मधे काय?"

"मधे काही नाही. पाणी. ते बायका बघतात."

मॅडमनी टाइप केलं. मग मान वर करून आमच्याकडे बघितलं. "मावशी, तुम्हाला काही सांगायचं आहे?"

सगळे वळून माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, "नाही."

ते "नाही" मला किती महाग पडलं ते पुढे कळलं. पण हेही लिहिते, की सेंट्रिंगवाल्यांना कुणी असं विचारलं नव्हतं, की तुम्हाला काही सांगायचं आहे का. त्यांना विचारलं होतं, तुम्ही काय करता.

सोमवारी मी आणि शेवंती पहिल्या एसटीने कुडाळला गेलो. ऑफिस एका दुकानाच्या माडीवर आहे. चपला बाहेर काढल्या. आत थंडगार होतं. मॅडमनी खुर्च्या दिल्या, पाणी दिलं. मी वाटभर वाक्य घोकत आले होते, ते म्हटलं.

"मॅडम, आम्ही दहा दिवस बसलो नव्हतो. पाणी मारत होतो."

"पण मावशी, पाण्याचे दिवस मी धरलेत की. हे बघा."

त्यांनी पडदा वळवला. आडव्या रंगीत पट्ट्या होत्या, एकीखाली एक, पायऱ्यांसारख्या. एक पट्टी म्हणजे एक काम. पट्टीपुढे माणसांची नावं. वेळेवर असेल तर हिरवी, अडकली की लाल. हॉलच्या स्लॅबची पट्टी हिरवी. भिंतींची हिरवी. दोन्हींच्या मधे पांढरी जागा आणि एक बारीक बाण.

"हा बाण म्हणजे लॅग," मॅडम म्हणाल्या. "दोन कामांच्या मधला थांबण्याचा वेळ. काँक्रिट सुकायला लागतो तो. दहा दिवस."

"काँक्रिट सुकू द्यायचं नसतं, मॅडम."

"तेच म्हणायचं होतं मला. सेट व्हायला. त्या वेळात रिसोर्स लागत नाही, म्हणून लावलेला नाही."

"रिसोर्स म्हणजे?"

"म्हणजे माणसं. म्हणजे, तुम्ही."

"मग पाणी कोण मारतं?"

"साइटवर मारतंच ना कुणीतरी."

शेवंतीला राहवलं नाही. "मॅडम, ता कुणीतरी हय बसला आसा. दोन खुर्च्यांर."

मॅडम लाल झाल्या. मग त्यांनी समजावून सांगितलं. रोज सकाळी हसनमामा फोनवर हजेरी भरतात. नाव निवडायचं, मग यादीतून त्याचं काम निवडायचं. यादीत पाणी मारणं नव्हतं. मामांनी आमच्या नावांपुढची जागा रिकामी सोडली. आणि जागा रिकामी राहिली की सॉफ्टवेअर आपलं आपण "आयडल" लिहितं. पगार त्यावरून निघतो.

"फोटो आहेत का काही?" मॅडमनी विचारलं. "रोजचे साइट फोटो अपलोड करायला सांगितलं होतं."

"ओल्या स्लॅबचा फोटो कोण काढतं?"

"मग माझ्याकडे एंट्री नाही, फोटो नाही. तुमच्यावर विश्वास आहे माझा, पण सिस्टिममध्ये मी काय दाखवू?"

विश्वास आहे आणि पैसे नाहीत. असला विश्वास मी पहिल्यांदाच बघितला.

खाली उतरल्यावर शेवंती म्हणाली, "मावशे, देवगडाक आंब्याच्यो पेटये भरूचा काम सुरू झाला. सावलेत बसान. माका दोनदा बोलावल्यानी. ह्ये पैशे गावले नायत तर मी जातंय. आणि त्यो दोघी माझ्या वांगडा येतल्यो." वांगडा म्हणजे सोबत.

ती धमकी देत नव्हती. तिच्या घरात कमावणारी ती एकटीच आहे. मी तिला थांब म्हणू शकत नव्हते. पण ही टोळी मी एकेक बाई शोधून जमवली होती. स्लॅबच्या कडेला न घाबरता चालणारी, पाण्याची पाळी न चुकवणारी बाई अशी वाटेवर मिळत नाही. टोळी मोडली असती तर आंतोनबाबांनी दुसरी आणली असती, आणि लोक म्हणाले असते, सुलूच्या बायका बसून खायच्या म्हणून काढल्या.

हसनमामांना मी विचारलं, "मामा, आमची जागा रिकामी कित्याक सोडल्यात?"

मामा फोन चष्म्याजवळ धरून उभे होते. "माका वाटला, रिकामी म्हणजे रोजचाच काम. नवीन काय नाय. तुमी पाणी मारतास ह्या काय लिवूचा आसा? सगळ्यांक म्हायत आसा ता."

सगळ्यांना माहीत होतं, म्हणूनच कुणी लिहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी पोर्चचा स्लॅब टाकला. लहान स्लॅब, दोन गाड्या उभ्या राहतील एवढा. संध्याकाळी मी आळी घालायला माती आणली, तर कुडाळहून ऑफिसच्या सुपरवायझरचा फोन आला. उद्यापासून चौघी फोंडाघाटच्या साइटवर. टेम्पो सकाळी सहाला. प्लॅनमध्ये इकडे दहा दिवस आम्हाला काम नव्हतं, तिकडे चिरे उचलायला माणसं कमी होती. सॉफ्टवेअरच्या दृष्टीने बरोबरच होतं.

मी आंतोनबाबांना फोन केला. फोनवर मला बरं बोलता येतं, तोंड दिसत नाही.

"बाब, पोर्चाक पाणी कोण मारतला?"

"हसनमामाक सांगतंय मी."

"मामाकडे तीन गवंडी आणि वरची भिंत आसा. दिवसाक तीनदा कोण चढतला?"

"सुलू, मॅडमन प्लॅन केल्यान आसा. आता परत तुझा कॅलेंडर काढू नको."

कॅलेंडर त्यांचं होतं, माझं नव्हतं. पण मी फोन ठेवला आणि सकाळी टेम्पोत बसले. आठ दिवस आम्ही घाटाच्या पायथ्याशी चिरे उचलत होतो. दुपारी ऊन चढलं की मला तो स्लॅब आठवायचा. कुणी आजारी माणूस घरी एकटा ठेवून यावं तसं वाटायचं.

परत आलो तेव्हा सगळ्यात आधी पोर्चवर चढले. स्लॅबवर जाळं पडलं होतं, मासे धरायच्या जाळ्यासारख्या बारीक भेगा, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत. खिळ्याने ओरखडा काढला तर पीठ निघालं. चांगल्या काँक्रिटवर खिळा नुसता घसरतो. मामांनी सकाळी आठवण झाली की एखादा ड्रम ओतला होता, एवढंच. त्यांना तरी काय बोलू.

त्या आठवड्यात मालकांचे इंजिनियर आले. त्यांनी हातोडा मारून बघितला, पुन्हा दोन ठिकाणी मारला आणि सांगितलं, हा पोर्च तोडा. तोडून पुन्हा टाका, तोवर पुढचं बिल पास करणार नाही.

हसनमामांनी मला फोन दाखवला. पोर्चची पट्टी लाल झाली होती. लाल पट्टीपुढे कारण भरावं लागतं, आणि कारणं यादीतून निवडायची असतात. आंतोनबाबांनी निवडलं होतं "लेबर". खाली टिपणही होतं. मामांनी वाचून दाखवलं, बायकांनी पाणी नीट मारलं नाही.

मी त्यांना ते दोनदा वाचायला लावलं.

हॉलच्या स्लॅबवर आम्ही दहा दिवस पाणी मारलं, तिथे आम्ही नव्हतोच म्हणून हजेरी कापली. पोर्चवर आम्ही खरोखर नव्हतो, तिथे आम्ही चुकलो म्हणून दोष लावला. असतो तिथे नाही, आणि नसतो तिथे आहोत. शेवंतीने हातातलं घमेलं आपटलं. "आता मी थांबणंय नाय," म्हणाली. मी म्हटलं, "उद्याचो एक दिवस थांब."

माझ्या डोक्यात फार मोठं काही नव्हतं. एवढंच, की दुसऱ्या दिवशी जिन्याखाली प्लास्टर होतं. प्लॅनमध्ये तसंच होतं. आणि आमच्या रेघा त्याच भिंतीवर होत्या.

सकाळी मी सगळ्यांच्या आधी आले आणि त्या भिंतीला पाठ लावून उभी राहिले. प्लास्टरवाले आले, माल कालवला, मग हसनमामा आले.

"सुलू, बाजूक हो."

"नाय."

"काय झाला?"

"ह्या भिंतीक आज प्लास्टर नाय."

"कोण म्हणता?"

"मी म्हणतंय."

मामा हसले. त्यांना वाटलं माझं डोकं दुखत असेल. आयुष्यात त्यांनी माझ्या तोंडून "मी म्हणतंय" ऐकलं नव्हतं. मीही ऐकलं नव्हतं. "गो बाय, माझी पट्टी लाल होतली. मॅडम माका फोन करतली."

"होवंदे लाल. करूंदे फोन."

प्लास्टरवाले बिडी ओढत बसले. माल सुकायला लागला तशी मामांची चिडचिड वाढली. कुणीतरी म्हणालं, "बाईच्या अंगात इला." शेवंती माझ्या शेजारी येऊन उभी राहिली आणि त्याला म्हणाली, "ईंदे. तुज्या अंगात काम येयत तो दिवस बघूचो आसा." मग बाकीच्या दोघीही आल्या.

दहा वाजता पट्टी लाल झाली. साडेअकराला आंतोनबाबांची गाडी सड्यावर आली, मॅडमना घेऊन.

मला तेव्हा एक गोष्ट कळली. दहा दिवस चार बायका शिडीवरून पाणी वाहत होत्या, ते कुडाळला दिसलं नाही. एक बाई भिंतीला टेकून उभी राहिली, ते दीड तासात दिसलं.

"काय तमाशो लावलास ह्यो?" आंतोनबाब गाडीतून उतरता उतरता म्हणाले.

"बाब, ह्या बघा. मगे प्लास्टर करा." मी बाजूला झाले.

भिंतीवर ह होता आणि त्याखाली रेघा. मॅडम वाकून बघायला लागल्या. "हे काय आहे, मावशी?"

मी सांगितलं. आवाज बारीक निघाला, पण निघाला. एक रेघ म्हणजे एकदा पाणी. दिवसाला तीन. दहा दिवसांच्या तीस. मॅडमनी बोट फिरवत मोजल्या.

"आणि हे गोल?"

"तो रविवार."

"रविवारी साइट बंद असते."

"स्लॅबाला रविवार कळत नाही, मॅडम."

आंतोनबाब रविवारी चर्चमध्ये मिस्साला जातात, सहकुटुंब. त्यांनी त्या गोलाकडे बघितलं आणि मग जमिनीकडे. पूर्वी रविवारची हजेरी ते वेगळी हातावर ठेवायचे. सॉफ्टवेअर आल्यापासून तीही गेली होती, कारण त्यात रविवारच नव्हता.

"कोळशान कोण पण रेघो मारीत," ते म्हणाले. पण आवाजात पूर्वीचा जोर नव्हता.

"पो खंय आसा, बघा," मी म्हटलं.

पोर्चच्या अक्षराखाली एकही रेघ नव्हती. अक्षर मी स्लॅब टाकला त्या संध्याकाळी काढून ठेवलं होतं. "खोट्यो मारूच्यो असत्यो तर हय पण मारलंय असतंय."

मॅडमनी फोन काढला. आमची हजेरी उघडली. पोर्चच्या त्या आठ दिवसांत आमच्या चारही नावांपुढे ठळक लिहिलेलं होतं, फोंडाघाट, चिरा वाहतूक. त्यांच्याच सॉफ्टवेअरने लिहिलेलं. त्यांनी फोन आंतोनबाबांपुढे धरला. हे मी त्यांच्या बाजूने लिहिते. त्यांना तो फोन परत पर्समध्ये टाकता आला असता.

मग मी खिळा दिला. आंतोनबाब आधी पोर्चवर गेले, ओरखडा काढला, बोटाला लागलेलं पीठ बघितलं. मग हॉलच्या स्लॅबवर. खिळा घसरला. पुन्हा जोर देऊन ओढला, पुन्हा घसरला. त्यांनी पंचवीस वर्षं हा धंदा केला आहे. त्यांना याहून जास्त सांगायची गरज नव्हती, आणि खरं तर एवढीही नव्हती. पाण्याशिवाय स्लॅब होत नाही हे त्यांना माझ्याआधीपासून माहीत होतं. म्हणून मला मॅडमपेक्षा त्यांचा राग जास्त आला. मॅडमना माहीत नव्हतं. बाबांना माहीत असून त्यांनी पडद्यावर बघितलं आणि स्लॅबकडे बघितलं नाही.

"बरा," ते खाली येऊन म्हणाले. "अर्धे ह्या शनिवारी देतंय. उरलेले पोर्चाचा बिल पास झाला काय."

"पोर्च आमी बिघडवलाव नाय, बाब. तेच्या बिलाची वाट आमी कित्याक बघूची?"

"सुलू, तू कधीपासून इतक्या बोलूक लागलंस?"

"हजेरी कापल्यात तेवापासून."

हसनमामा मागे फिस्सकन हसले आणि लगेच खोकल्यासारखं केलं. आंतोनबाबांनी त्यांच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "शनिवारी. सगळे," म्हणाले.

त्या दुपारी मॅडम शेडमध्ये लॅपटॉप उघडून बसल्या आणि मला समोर बसवलं. या वेळी खुर्चीवर. लॅगचा तो बाण त्यांनी काढून टाकला आणि तिथे पट्टी टाकली.

"कामाचं नाव काय लिहू? क्युरिंग?"

"लिहा. पण पुढे आमची नावं लिहा."

त्यांनी चौघींची नावं लिहिली. मग एकेक विचारत गेल्या. खांबांना किती दिवस, स्लॅबला किती, पाणी कुठून येतं, टँकर उशिरा आला तर काय. टँकरची पण वेगळी पट्टी झाली. रविवार घालताना सॉफ्टवेअर ऐकेना, त्यासाठी त्यांना वेगळं कॅलेंडर करावं लागलं, त्यात तासभर गेला. शेवटी म्हणाल्या, "मावशी, मी त्या दिवशी नीट विचारायला हवं होतं." मी म्हटलं, "हो." तेवढंच म्हटलं. चालायचंच, असं म्हणायची जिभेला सवय आहे, पण त्या दिवशी म्हटलं नाही.

पोर्चच्या लाल पट्टीपुढचं "लेबर" त्यांनी माझ्यासमोर पुसलं. त्याजागी यादीतलं "प्लॅनिंग" निवडलं. तो शब्द मला लिहून दाखवला, म्हणून इथे बरोबर लिहिता आला.

जिन्याखालची भिंत फोटो काढून झाल्यावर प्लास्टर झाली. आता पाण्याची रेघ शेवंती फोनवर मारते. तिला ते जमतं. मी कोळसाही चालू ठेवला आहे. वीज जाते, रेंज जाते, कोळसा कुठे जात नाही.

कुणी शिकलेल्या माणसाने हे वाचलं तर त्याला सांगायचं एवढंच. आमच्या कामाचं असं आहे की ते नीट झालं तर काहीच दिसत नाही. भेग नाही, पीठ नाही, गळती नाही. बिघडलं तरच दिसतं. म्हणून साइटवर जेव्हा कोण काय करतं ते लिहून घ्यायला बसतील, तेव्हा ज्याचं काम दिसत नाही त्याने सगळ्यात पुढे बसावं. आणि तुम्हाला काही सांगायचं आहे का, असं विचारलं तर नाही म्हणू नये.

शनिवारी आंतोनबाब आले. येताना मालवणातून गुळाचं खाजं आणलं होतं, कागदाची पुडी उघडून पुढे केली. "खावा गो, ताजा आसा."

"आदी पाकिटा," शेवंती म्हणाली.

त्यांनी पाकिटं दिली. चौघींनी तिथेच उघडली. शेवंतीने नोटा थुंकी लावून मोजल्या, मग उलट्या करून पुन्हा मोजल्या, आणि माझ्याकडे बघून मान हलवली. कापलेले सगळे होते. रविवारचेही होते. मग आम्ही खाजं खाल्लं.